धांदलची खुर्ची

१

पदवीचे झगे वाटून झाले आणि टेबलावर एक पुडकं उरलं. कुणीतरी न्यायचं विसरलं असेल म्हणून कार्यालयातल्या बाईंनी चष्मा सावरून त्याच्यावरची चिठ्ठी वाचली, आणि त्या मटकन खाली बसल्या. झगा धांदलचा होता. धांदल हिवाळ्याच्या सुट्टीतच गेली होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि मुलगी हातची गेली. तिच्या शोकसभेत याच बाईंनी डोळे पुसत सगळ्यांना फुलं दिली होती.

धांदल हे काही तिचं खरं नाव नव्हे. नदीपलीकडच्या बेकरीवाल्याची ही मुलगी पहिल्या वर्षापासून सगळीकडे धापा टाकत पोचायची, एका बुटाची नाडी बांधलेली आणि दुसऱ्याची लोंबत असलेली, म्हणून वर्गानं तिला ते नाव ठेवलं होतं. अभ्यासातही तिची तीच घाई. इतरांची शेवटच्या सत्रापर्यंत ज्याच्यावरून रडारड चालते, ते सगळं तिनं एक सत्र आधीच उरकलं होतं. पवित्र शास्त्राचे दोन पेपर, तर्कशास्त्र, एक परकी भाषा, वृद्धाश्रमातली सेवा आणि शेवटचा प्रबंध. या ख्रिस्ती विद्यापीठाची पदवी हवी तर एवढं करावंच लागे. पण आणखी एक अट होती आणि तिच्यापुढे हुशारी चालत नसे. प्रत्येक सत्रात रोज सकाळी चॅपलमध्ये उपासनेला हजर राहायचं. थोड्याफार दांड्या माफ, त्यापुढे पदवी विसरा. शेवटच्या सत्राची ती हजेरी तेवढी धांदलची राहून गेली होती.

आणि आता ती हजेरी भरलेली निघाली होती. म्हणून तर झगा आला होता.

डीनबाईंनी त्याच दुपारी म्हणूनसरांना बोलावून घेतलं. सर तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विद्यार्थी काहीही सांगायला लागला की ते मान तिरपी करून एवढंच विचारायचे, "म्हणून?" त्या एका शब्दानं कित्येक हुशार मुलांची बोबडी वळवली होती. डीनबाईही त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, त्यामुळे आज पदानं मोठ्या असूनही त्या सरांसमोर जरा सावरूनच बसल्या.

सरांनी पहिल्यांदा विचारलं की मुलगी गेली, तर तिचं नाव पटावर अजून कसं राहिलं. उत्तर ऐकून त्यांना हसावं की रडावं कळेना. नाव काढायचं तर विद्यार्थ्यानं स्वतः सही केलेला अर्ज लागतो, असा नियम होता. मेलेल्या मुलीची सही कुणी कुठून आणायची? प्रकरण तसंच पडून राहिलं. नाव राहिलं, आणि चॅपलमधली तिची ठरलेली खुर्चीही तिच्याच नावावर राहिली.

"त्या खुर्चीत रोज कुणीतरी येऊन बसलंय, सर," डीनबाई म्हणाल्या. "आणि कोण ते मला माहीत आहे. तिची रूममेट."

सुट्टी संपल्या संपल्या ही रूममेट डीनबाईंकडे आली होती. फक्त हजेरी राहिलीय, बाकी सगळं झालंय, तर धांदलला पदवी द्या, असं तिनं रडत विनवलं होतं. डीनबाईंनी नियमावर बोट ठेवलं होतं. आता त्यांच्या मते त्या पोरीनं नियमाला आपल्या परीनं उत्तर दिलं होतं. इथे प्रत्येक विद्यार्थी खरेपणाची शपथ घेतो. खोटी हजेरी लावणाऱ्याला पदवी मिळत नाही.

"मी तिला सरळ विचारलं, तू बसत होतीस का? ती बोलतच नाही. शनिवारी समारंभ आहे. ती नसेल तर कोण ते मला सांगा. नाहीतर तिचं नाव मी यादीतून काढते."

सर त्या मुलीला ओळखत होते. तिच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. आईवडील समारंभासाठी आदल्या दिवशीच घरून निघणार होते. सरांनी छत्री उचलली आणि ते चॅपलकडे चालू लागले.

२

चॅपल रिकामं होतं. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास येत होता. लाकडी खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीच्या बैठकीवर पांढऱ्या रंगात एक आकडा, आणि दाराशी काचेच्या चौकटीत कुणाची खुर्ची कुठली ते दाखवणारा नकाशा. धांदलचं नाव त्यात अजून होतं. तिची खुर्ची भिंतीकडच्या रांगेत, खिडकीखाली.

हजेरी घेणारा विद्यार्थी वर गॅलरीत बसे, म्हणून त्याचं नाव गरुड. प्रत्यक्षात तो किडकिडीत आणि भित्रा होता. सरांनी त्याला काम कसं करतोस ते विचारलं, तेव्हा त्यानं त्यांना वर नेऊन दाखवलं. खाली माणूस बसलेला असला की बैठकीवरचा आकडा झाकला जातो. आकडा दिसला की तो गैरहजर. गरुड फक्त दिसणारे आकडे टिपायचा. नावं त्याला ठाऊकही नसायची, ती नंतर कार्यालयात जुळवली जात.

"मी आकडे बघतो सर, माणसं नाही बघत," तो म्हणाला. "ती खुर्ची मात्र लक्षात होती. आधी कायम धावतपळत भरायची. या सत्रात घंटेच्याही आधी भरलेली असायची. मला वाटलं, चला, कुणीतरी सुधारलं."

खुर्ची कुणाची ते सरांनी सांगितलं तेव्हा गरुडाचा चेहरा पांढराफटक पडला. तो बराच वेळ खाली त्या खिडकीकडे बघत राहिला.

आकडे कधी टिपतोस, हे सरांनी त्याला दोनदा विचारलं. पवित्र शास्त्राचं पहिलं वाचन चालू असताना, तो म्हणाला. तेव्हा सगळे बसलेले असतात. गीतांना सगळे उभे राहतात, मग सगळ्यांचेच आकडे दिसतात, काही उपयोग नाही.

"ती खुर्ची एकदाही रिकामी नव्हती?"

"एकदा होती," गरुड म्हणाला. कधी, ते त्याला आठवत होतं, कारण त्या दिवशी चॅपलमध्ये उभं राहायला जागा नव्हती आणि तेवढी एकच खुर्ची रिकामी होती. त्या दिवशी उपासनेच्याच वेळी शोकसभा होती. धांदलचीच.

३

डीनबाईंना हे ऐकून दुःखही झालं आणि आपलं बरोबर निघाल्याचं समाधानही झालं. शोकसभेत मैत्रिणीवर बोलायला मंचावर कोण उभं होतं? रूममेट. मंचावर होती, म्हणून खुर्ची रिकामी राहिली. सरळ हिशेब होता.

"म्हणून?" सर म्हणाले खरे, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

रूममेट त्यांना वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर भेटली. गायनवृंदात गाणारी, एरवी बडबडी मुलगी. आता तिच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं झालं होतं. खोलीतला दुसरा पलंग अजून तसाच आहे, तिनं सांगितलं. चादर तेवढी तिनं घडी करून ठेवली होती. धांदल कधीच घडी करत नसे, त्यावरून रोज भांडण व्हायचं.

सरांनी तिला खुर्चीबद्दल विचारलं. ती नखांनी पायरीवरचं शेवाळ खरवडत बसली.

"सर, मला खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं नाही. म्हणून मी गप्प आहे."

"तुझी पदवी जाईल गं."

"माहीत आहे. पण मी बोलले तर दुसऱ्या कुणाचं याहून मोठं काहीतरी जाईल."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी काहीतरी पोटात ठेवून होती हे उघड होतं. पण स्वतः केलेलं लपवणारा माणूस घाबरलेला असतो आणि ही घाबरलेली नव्हती.

तिथून सर चॅपलच्या धर्मगुरूंकडे, पाळकांकडे गेले. रोजचं प्रवचन पाळकसाहेबांचं. त्यांना रोज समोरून सगळं चॅपल दिसणार, मग एखादा उपरा माणूस दिसला नाही? पाळकसाहेब ओशाळले. गेली कित्येक वर्षं ते प्रवचनाला उभे राहताना चष्मा काढून खिशात ठेवत होते. समोर जांभया देणारे चेहरे दिसले की त्यांचं पुढचं वाक्य अडायचं.

"पण एक सांगतो," ते जरा लाजत म्हणाले. "या सत्रात माझ्या प्रवचनांना कुणीतरी रडायचं. खिडकीच्या बाजूनं आवाज यायचा. दाबलेला, पण यायचा. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आपल्याला जमायला लागलं."

रडणाऱ्याला पदवीच्या अटी पुऱ्या करायच्या होत्या, असं सरांना आता वाटेना.

४

राहिले खुर्चीचे शेजारी. कोण बसतं हे त्यांना माहीत नसणं शक्यच नव्हतं. डीनबाईंनी त्यांनाही विचारून झालं होतं, आणि दोघांनी पढवल्यासारखं एकच उत्तर दिलं होतं, आम्ही डोळे मिटून प्रार्थना करतो. सरांनी त्यांना खुर्चीचं काही विचारलंच नाही. झाडाखाली बसवून घेतलं आणि सत्र कसं गेलं, पुढे काय करणार, असल्या गप्पा मारल्या.

डावीकडच्या खुर्चीवरचा मुलगा अंगानं दांडगा. उपासना कशी वाटायची म्हटल्यावर तो हसला. "खोटं कशाला सांगू सर, या सत्रात मला चॅपलमध्ये भयंकर भूक लागायची. नाश्ता करून गेलो तरी पोटात कावळे ओरडायचे. आधी असं कधी होत नव्हतं."

उजवीकडची मुलगी शांत होती. तिच्या हातात गीतपुस्तक होतं आणि त्याचा उजवा पुठ्ठा सुटत आला होता. एवढं नवं पुस्तक असं कसं फाटलं, सरांनी सहज विचारलं.

"सारखं मध्ये धरून," ती म्हणून गेली. "म्हणजे, शेजाऱ्याला पानं सापडायची नाहीत ना, म्हणून बोट ठेवून दाखवायला..."

आणि ती थांबली. दांडग्या मुलानं तिच्याकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर आपल्या हातून काहीतरी अघटित घडल्यासारखे भाव आले.

"सर," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "शोधून काढलंत तरी त्यांना सांगू नका."

सर उठले. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

५

नदीवरच्या पुलावरून जाताना सरांनी डीनबाईंना एकेक करून समजावलं. गरुड हजेरी घेतो ती पहिल्या वाचनाच्या वेळी, आणि गायनवृंद तेव्हा रोजच मंचावर असतो. म्हणजे रूममेटला त्या खुर्चीत बसून हजेरी लावणं एक दिवसही शक्य नव्हतं. पण मंचावरून सगळं चॅपल समोर दिसतं. कोण बसतं ते तिनं रोज पाहिलं होतं. दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याचं हे काम नव्हे, कारण त्याची स्वतःची खुर्ची रिकामी पडली असती. शिवाय इथला विद्यार्थी चार वर्षांत गीतं पाठ करतो. या माणसाला पान सापडत नव्हतं. म्हणजे तो कधी कुठल्या चर्चमध्ये गेलेलाच नव्हता.

"शोकसभेच्या दिवशी ठरवून दिलेल्या जागी एकटी रूममेटच नव्हती," सर म्हणाले. "पहिल्या रांगेत आणखी एकाला आपण हाताला धरून नेऊन बसवलं होतं. तुम्हीच बसवलंत. आठवा."

डीनबाई पुलावर थांबल्या. त्यांना आठवलं. प्रार्थनेला सगळे उभे राहिले तरी हाताची घडी घालून बसून राहिलेला माणूस. देवाबिवाची थेरं आपण मानत नाही, असं ज्यानं मुलीला इथे घालतानाच त्यांना तोंडावर ऐकवलं होतं, तो.

"आणि त्या मुलाला भूक लागत होती," सर म्हणाले, "कारण शेजारी रोज ताज्या पावाचा वास येत होता."

बेकरीत दुपारची सामसूम होती. भट्टी विझलेली, फळ्या पुसून ठेवलेल्या. बेकरीवाले एकटेच परात घासत होते. डीनबाईंना पाहून त्यांनी हात पुसले आणि दोघांना स्टुलं पुढे केली. धांदलची आई ती लहान असतानाच गेली होती. बापलेकीचंच घर. कोपऱ्यात मुलीचे बूट जोडीनं ठेवले होते, दोन्ही नाड्या नीट बांधून.

सरांनी आडपडदा न ठेवता विचारलं. बेकरीवाल्यांनीही काही लपवलं नाही.

"तिचं सामान न्यायला आलो होतो. देवळासारखं ते तुमचं, त्याच्या दाराशी तिचं नाव दिसलं. आत गेलो आणि तिची जागा शोधून बसलो. कुणी उठवलं नाही, मग दुसऱ्या दिवशी परत गेलो." त्यांनी परात भिंतीला टेकवून ठेवली. "ती कायम म्हणायची, बाबा, एकदा येऊन बसा. मानू नका काही, नुसतं बसा माझ्यासाठी. मी म्हणायचो, सकाळी भट्टी असते गं, भट्टी सोडून कसा येऊ?"

"मग आता भट्टी?" डीनबाईंनी विचारलं.

"तुमची घंटा व्हायच्या आत भट्टीचं काम आटोपतं, बाई. आत्ता कळलं मला ते. आधीही आटोपतच होतं."

बाहेर सायकलवरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं.

मग सरांना ते सांगावं लागलं, जे न सांगण्यासाठी तिकडे तीन मुलं तोंडं मिटून बसली होती. की त्या खुर्च्यांवर हजेरी लागते. की ते बसले ते दिवस धांदलच्या नावावर जमा होत गेले. की त्यावर तिची पदवी छापून आली आहे, झगाही आला आहे.

बेकरीवाल्यांना हे नीट समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की सरांनी मान फिरवली.

"माझं बसणं तिच्या नावावर?"

"हो," सर म्हणाले.

डीनबाई नियमांच्या पक्क्या, पण आज त्यांनीच नियम बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या, मी हे इथल्या इथे विसरू शकते. शनिवारी तुम्ही या. तिचं नाव पुकारलं जाईल.

बेकरीवाले उठून भट्टीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून त्यांनी तिचं थंड दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"नको," ते म्हणाले. "तिनं कधी दुसऱ्याचं उत्तर उतरवलं नाही. मी बसलो ते मी बसलो. तिचं नाव खोडा, बाई. त्या पोरीला मात्र तिचं देऊन टाका. ती रोज समोरून बघायची माझ्याकडे, मला वाटायचं, गाताना अशीच बघत असेल."

निरोप घेताना ते सरांना म्हणाले की उद्यापासून येणार नाही. हजेरी लागते म्हटल्यावर आता त्या जागेवर बसवणार नाही. रूममेटला नेमकी हीच भीती होती. सर पुलावरून परत आले तेव्हा छत्री बेकरीतच विसरली होती.

६

शनिवारी चॅपल फुलून गेलं होतं. आधी उपासना, मग पदव्या. रूममेटचे आईवडील नवे कपडे घालून, अंग चोरून पाहुण्यांच्या बाकावर बसले होते. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिच्या आईनं टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. धांदलचं नाव जिथे यायला हवं होतं तिथे ते आलं नाही. पुकारणारा मुलगा न थांबता पुढच्या नावाकडे गेला.

बेकरीवाले आले होते. दारापासच्या शेवटच्या बाकावर, मांडीवर सरांची छत्री घेऊन. सर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. जवळून खरोखरच पावाचा वास येत होता. कोडं सुटलं होतं, रूममेटची पदवी वाचली होती, आणि एका बापाची बसायची जागा गेली होती. तीही सरांच्याच हातानं.

समारंभ संपला. माणसं हसत, रडत, फोटो काढत बाहेर पडली. खिडकीतून आलेलं ऊन खुर्च्यांच्या रांगांवर पसरलं होतं, आणि एकेका बैठकीवरचा पांढरा आकडा उघडा पडत होता.

बेकरीवाले उठले ते दाराकडे न जाता भिंतीकडच्या रांगेत गेले. सर त्यांच्या मागोमाग गेले. धांदलच्या खुर्चीपाशी ते उभे राहिले, बसले मात्र नाहीत. बैठकीकडे बघत राहिले.

"हा आकडा मी कधी पाहिलाच नव्हता," ते म्हणाले. "बसायचो ना त्याच्यावर."

सरांनी मान हलवली.

"आकडा दिसला म्हणजे माणूस नाही, असं ना सर?"

"हो."

बेकरीवाल्यांनी हात पुढे करून त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. "इतके दिवस आपलं वाटायचं, उशीर झालाय तिला, येईल धावत. आपण जागा धरून ठेवू तोवर." त्यांनी अंगठा उचलला. "ती नाही येणार, सर."

म्हणूनसरांनी आयुष्यभर प्रत्येक वाक्यापुढे तो एक शब्द ठेवला होता. या वाक्यापुढे त्यांना तो ठेवता आला नाही. त्यांनी बेकरीवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि चॅपलची दारं लावायला माणूस येईपर्यंत दोघं त्या खुर्चीपाशी तसेच उभे राहिले.